पाण्यातला धातू आणि विझणारा उजेड : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात धातूंचे आयन ओळखणाऱ्या फ्लुरोसंट पॉलिमरवर लेख होता. त्यावर श्रीवर्धनपासून मालवणपर्यंतच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. लेख ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या पॉलिमरवर अतिनील प्रकाश पडला की तो निळा, हिरवा किंवा पिवळा उजळतो. तांबं, लोखंड, पारा यांचे आयन त्याला येऊन चिकटले की हा उजेड मंदावतो किंवा त्याचा रंग सरकतो. किती मंदावला यावरून धातूचं प्रमाण काढतात.

प्रश्न (रत्नागिरी, एम. एस्सी.चा विद्यार्थी) : कार्बॉक्सिलेट गट असलेला, पाण्यात विरघळणारा पॉलिफिनिलिन इथायनिलिन हा उजळणारा पॉलिमर वापरून तांबं मोजतो आहे. डिस्टिल्ड पाण्यात आलेख अगदी सरळ येतो. पण विहिरीचं पाणी घेतलं की तांबं न घालताच उजेड निम्म्यावर येतो. विहिरीत तांबं आहे असं लिहू का?

लिहू नका. उजेड कमी झाला एवढंच उपकरणाने सांगितलं आहे. तो कुणी कमी केला हे अजून कळायचं आहे, आणि रत्नागिरीच्या विहिरीत संशयित बरेच असतात.

पहिला संशयित म्हणजे जांभा. जांभ्यात लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर असतात. तळाच्या, हवा न लागलेल्या पाण्यात लोह विरघळलेलं असतं आणि पाणी नितळ दिसतं. बादलीत तासभर ठेवलं की त्याचा गंज होऊन पिवळट छटा येते. हे बारीक कण तुमच्या दिव्याचा अतिनील प्रकाश पॉलिमरपर्यंत पोचायच्या आत खातात, आणि पॉलिमरने दिलेला उजेडही विखुरतात. म्हणजे पॉलिमरला कुणी हात न लावताही आकडा घसरतो. दुसरा संशयित पालापाचोळ्यातून पाझरलेली ह्यूमिक द्रव्यं. ती प्रकाश खातातही आणि स्वतः 420 ते 450 नॅनोमीटरच्या आसपास उजळतातही, त्यामुळे पावसाळ्यातला आकडा दोन्हीकडे फसवतो. तिसरा कॅल्शियम. तो कार्बॉक्सिलेट गटांना जोडून पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींजवळ ओढतो, आणि गोळा झालेल्या साखळ्या कमी उजळतात.

हे वेगळं करायला असं करा. पाणी भरल्याबरोबर 0.45 मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा, पहिले 5 मिलिलिटर फेकून द्या. मग त्याच पाण्याचं शोषण (ते किती प्रकाश खातं) उत्तेजन (पाडलेला प्रकाश) आणि उत्सर्जन (निघालेला उजेड) या दोन्ही तरंगलांबींना मोजा. दोन्ही 0.1 च्या खाली असतील तर ठीक. जास्त असतील तर पाणी पातळ करा, किंवा मोजलेल्या उजेडाला 10 चा घात (दोन्ही शोषणांची बेरीज भागिले 2) याने गुणा. शोषण 0.3 च्या वर गेलं की या दुरुस्तीवर आमचा भरवसा राहत नाही. तिथे पातळ करणंच बरं.

यानंतरची पायरी बहुतेक प्रकल्पांत गाळली जाते, आणि सगळ्यात जास्त माहिती तीच देते. इडीटीए धातूंचे आयन घट्ट पकडून ठेवतं. त्याच्या डायसोडियम मिठाचं 0.1 मोलर द्रावण करा (100 मिलिलिटरमध्ये 3.72 ग्रॅम) आणि सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच 7 ला आणा. 3 मिलिलिटर नमुन्यात 30 मायक्रोलिटर घाला, म्हणजे 1 मिलिमोलर होईल. पाच मिनिटं थांबा. उजेड परत आला तर तो धातूच्या आयनांनी विझवला होता. नाही आला तर दोष गढूळपणाचा, ह्यूमिकचा किंवा क्युव्हेटच्या भिंतीला चिकटलेल्या पॉलिमरचा. डिस्टिल्ड पाण्याच्या ब्लँकलाही (तांबं न घातलेल्या, तुलनेच्या नमुन्यालाही) तेवढंच इडीटीए घाला, नाहीतर तुलना लंगडी पडते. इडीटीए कॅल्शियमही पकडतं, म्हणून उजेड परत आला तरी लगेच ‘तांबं’ म्हणायचं नाही. लोह फिनॅन्थ्रोलिनच्या नारिंगी रंगाने 510 नॅनोमीटरला वेगळं मोजा.

आता प्रमाण. एकाच गाळलेल्या पाण्याच्या चार नळ्या करून त्यांत 0, 0.5, 1 आणि 2 मायक्रोमोलर तांबं घाला. इथे एक खड्डा आहे. उजेडाचा व्यस्त आकडा आणि घातलेलं तांबं यांचा आलेख मागे वाढवून जिथे अक्षाला मिळतो, तो आकडा मूळ तांब्याचा नसतो. त्यात बंधन-स्थिरांकाचा (पॉलिमर तांब्याला किती घट्ट धरतो त्या आकड्याचा) व्यस्तांकही मिसळलेला असतो, म्हणून तांबं असल्यापेक्षा जास्त दिसतं. इडीटीए घातलेल्या त्याच पाण्याचा उजेड F₀ धरा, प्रत्येक नळीचा उजेड F धरा, F₀/F मधून 1 वजा करा आणि तो आकडा मांडा. आता रेषा मागे अक्षाला जिथे मिळेल ते मूळ तांबं.

पीएच स्थिर ठेवायला बफर 10 मिलिमोलर हेपीस, पीएच 7.2 (लिटरला 2.38 ग्रॅम). फॉस्फेट नको, ते लोह आणि शिसं खाली बसवतं. ट्रिस नको, ते स्वतःच तांब्याला धरतं.

शोधमर्यादा (ओळखता येईल असं कमीत कमी प्रमाण) काढताना डिस्टिल्ड पाण्यातल्या आकड्यावर समाधान मानू नका. समजा ब्लँक 820 आणि 2 मायक्रोमोलर तांब्याला 410 आला. म्हणजे F₀/F झाला 2, आणि स्टर्न-व्होल्मर स्थिरांक (तांबं किती जोराने विझवतं याचं माप) 5 × 10⁵ प्रति मोलर. दहा ब्लँकचं प्रमाणित विचलन 4 असेल तर मर्यादा सुमारे 0.03 मायक्रोमोलर, म्हणजे लिटरला 2 मायक्रोग्रॅमच्या आत येते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, तांब्याची स्वीकार्य पातळी 0.05 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, म्हणजे 0.79 मायक्रोमोलर. कागदावर तुम्ही तिच्या खूप खाली आहात. हेच दहा ब्लँक इडीटीए घातलेल्या विहिरीच्या पाण्याचे घ्या आणि तो आकडा प्रबंधात लिहा. तो मोठा येईल, पण खरा असेल.

प्रश्न (गुहागर) : इतक्या थोड्या धातूने एवढा उजेड कसा विझतो? साधा रंग आणि पॉलिमर यांत फरक काय?

पाटाने शिंपलेली वाडी डोळ्यांसमोर आणा. पाट माडामाडाला पाणी देत जातो. मध्येच खेकड्याने एक बीळ पाडलं की पाणी तिथेच जिरतं आणि पुढचे माड कोरडे राहतात. सुटा रंगाचा रेणू म्हणजे एकेका माडाला घातलेली कळशी. एक कळशी फुटली तर एकच माड तहानलेला राहतो. संयुग्मित पॉलिमरमध्ये शोषलेली ऊर्जा एका कडीवर थांबत नाही, साखळीभर धावते. वाटेत एखाद्या कडीवर तांब्याचा आयन बसलेला असेल तर ती तिथे गळून जाते आणि अख्ख्या साखळीचा उजेड मंदावतो. हे 1995 मध्ये टिमोथी स्वॅगर आणि चिन झोऊ यांनी पॉलिफिनिलिन इथायनिलिनवर दाखवलं. विझवणारा पदार्थ त्यांनी पॅराक्वाट घेतला होता, धातू नव्हे, पण तत्त्व तेच. साखळी वाटेल तितकी लांबवून मात्र फायदा वाढत राहत नाही. ऊर्जा काही अंतर धावली की उजेड होऊन बाहेर पडतेच.

प्रत्येक धातू विझवतोच असंही नाही. तांब्याच्या द्विसंयुजी आयनात एक एकटा इलेक्ट्रॉन असतो, तो विझवायला कारण होतो. जस्ताची ती कक्षा भरलेली असते, त्यामुळे कित्येक सेन्सर जस्त लागलं की उलट जास्त उजळतात. जिथे निवड हातात असेल तिथे आम्ही उजळणारा सेन्सर घेऊ. काळोख पडायला शंभर कारणं असतात, उजेड वाढायला थोडीच.

प्रश्न (दापोली, माध्यमिक शाळेतील शिक्षिका) : विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांना हे सुरक्षितपणे दाखवता येईल का? प्रयोगशाळेत फारसं साहित्य नाही.

येईल, हळदीने. हळदीतला कर्क्युमिन उजळतो आणि लोह-तांब्याला धरतो. फिल्टर पेपर म्हणजे सेल्युलोज, तोही पॉलिमरच. कर्क्युमिन त्यावर बसवायचा.

1 ग्रॅम हळद 20 मिलिलिटर अल्कोहोलमध्ये हलवा, अर्धा तास नितळू द्या, वरचं पिवळं पाणी गाळा. फिल्टर पेपरच्या 1 सेंटिमीटर रुंद पट्ट्या त्यात दहा सेकंद बुडवून सावलीत वाळवा. उन्हात कर्क्युमिनचा रंग उडतो, आणि पट्टी सकाळी केली तरी दुपारपर्यंत फिकी पडते. जुलैत पट्ट्या वाळतच नाहीत, म्हणून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वहीचा किंवा झेरॉक्सचा पांढरा कागद घेऊ नका. त्यात निळं उजळणारं द्रव्य घातलेलं असतं. तेच कपड्याच्या साबण पावडरीतही असतं, त्यामुळे पावडरीने धुतलेल्या चंचुपात्राच्या कडा अतिनील टॉर्चखाली निळ्या दिसतात. भांडी नुसत्या पाण्याने आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने विसळा.

0.393 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) 100 मिलिलिटरमध्ये विरघळवलं की लिटरला 1000 मिलिग्रॅम तांबं होतं. ते पातळ करत 300, 100, 30 आणि 10 पर्यंत उतरा. प्रत्येकाचा एक थेंब पट्टीवर ठेवा, शेजारी साध्या डिस्टिल्ड पाण्याचा. दहा मिनिटांनी खोली अंधारी करून टॉर्च मारा. पिवळ्या-हिरव्या उजेडात तांब्याचा ठिपका काळवंडलेला दिसेल. कुठल्या पातळीला ठिपका दिसेनासा होतो ते मुलांनाच ठरवू द्या, आणि तीन मुलांनी वेगवेगळं ठरवलं तर तेही नोंदवा. स्वस्त टॉर्च 395 नॅनोमीटरचे असतात. हळदीला ते चालतात.

याच टेबलावर आणखी एक गोष्ट जरूर दाखवा. फेरिक क्लोराइडचं पिवळं द्रावण पातळ काचेच्या बाटलीत भरा आणि बाटली टॉर्च व पट्टी यांच्या मध्ये धरा. लोहाचा एक थेंबही पट्टीला लागलेला नाही, तरी पट्टी अंधारते. रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला वर सांगितलेली पहिली फसवणूक ती हीच.

चुन्याचं किंवा साबणाचं पाणी लागलं तर हळद लाल होते. तो धातू नव्हे, अल्कली. टॉर्च डोळ्यांत मारू द्यायचा नाही. मोरचुदाला हात लागला तर लगेच धुवायचा, आणि उरलेलं द्रावण बागेत वा ओढ्यात ओतायचं नाही. या पट्ट्या पिण्याचं पाणी चांगलं की वाईट ठरवण्याइतक्या सूक्ष्म नाहीत, हे तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

प्रश्न (श्रीवर्धन, सुपारी बागायतदार) : कोळेरोगासाठी दरवर्षी बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारतो. विहीर वाडीच्या मधोमध आहे. पाण्यात तांबं उतरतं का ते असल्या पट्टीने कळेल?

तांब्याच्या आयनाची एक परीक्षा तुम्ही करतच असाल. बोर्डो तयार झाल्यावर त्यात घासलेली लोखंडी सुरी बुडवायची, पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं उरलं आहे, अजून चुन्याची निवळी घालायची. आपल्या विषयाचा गाभा या सुरीतच आहे. ती फक्त मोकळं तांबं दाखवते, चुन्याबरोबर बसलेलं नाही. पॉलिमरचंही तसंच. मातीच्या कणांना किंवा कुजलेल्या पाल्याला धरून बसलेलं तांबं त्याला दिसत नाही.

1 टक्का बोर्डोत 100 लिटरला 1 किलो मोरचूद, म्हणजे 254 ग्रॅम तांबं असतं. पंप विहिरीच्या कठड्यावर धुताना 1 लिटर मिश्रण 20,000 लिटर पाण्यात गेलं, तर सगळं मिळून लिटरला सुमारे 0.13 मिलिग्रॅम होतं. स्वीकार्य पातळी 0.05 आहे. दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. म्हणून फवारणीचं सामान विहिरीपासून लांब धुवा, एवढं आजच करता येण्यासारखं आहे.

तपासणीसाठी नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्या. ती 10 टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवून तीनदा डिस्टिल्ड पाण्याने धुतलेली हवी. आम्लाचं काम जवळच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत करून घ्या, घरी नको. पाणी तांब्याच्या कळशीने किंवा पितळी नळातून काढू नका, नाहीतर तुम्ही कळशीच तपासाल. प्लास्टिकची बादली वापरा, पृष्ठभागाखाली हातभर बुडवा. दोन बाटल्या भरा, एक गाळलेली आणि एक न गाळलेली, आणि दोन्हींत लिटरमागे 1.5 मिलिलिटर संहत नायट्रिक आम्ल घालून घ्या. गाळलेल्या बाटलीत विरघळलेलं तांबं कळतं. न गाळलेलीत कणांवरचंही येतं, आणि फरक मोठा असेल तर गाळ उपसायला हवा. एक नमुना फवारणीआधी घ्या, एक पहिल्या मोठ्या पावसानंतर.

पिण्याचा निर्णय पट्टीवर घेऊ नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत आधी विचारून, तांबं मोजतात याची खात्री करून नमुना द्या.

प्रश्न (रत्नागिरी, मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी) : कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान केला आणि त्याला फ्लुरेसीन हा उजळणारा रंग जोडला. तांबं दाखवतो, पण प्रत्येक वेळी आकडा वेगळा येतो.

जोडी चुकली आहे. कायटोसानच्या अमाइन गटाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे गट प्रोटॉन सोडतात तो आकडा) सुमारे 6.5, आणि फ्लुरेसीनचाही जवळपास तेवढाच. पीएच 5 ला कायटोसान छान विरघळतो, पण त्याचे अमाइन प्रोटॉन घेऊन बसलेले असतात, म्हणून तांब्याला धरत नाहीत, आणि फ्लुरेसीनही मंद असतो. पीएच 7 ला अमाइन मोकळे होतात, फ्लुरेसीन उजळतो, पण कायटोसान साका धरून द्रावण गढूळ होतं. मधल्या पट्टीत पीएच 0.2 ने सरकला तरी आकडा हलतो. तुम्ही तांब्याच्या नावाखाली बराचसा पीएच मोजत आहात.

दोन बदल करा. फ्लुरेसीनऐवजी ऱ्होडामिन बी आयसोथायोसायनेट घ्या, या पट्ट्यात तो पीएचला फारसा भीक घालत नाही. आणि द्रावणाऐवजी मणी करा. 1 ग्रॅम कायटोसान 1 टक्का अ‍ॅसेटिक आम्लाच्या 100 मिलिलिटरमध्ये विरघळवा, मिथेनॉलमध्ये विरघळवलेला 10 मिलिग्रॅम रंग थेंबथेंब घाला, अंधारात तीन तास ढवळा. सोडियम हायड्रॉक्साइडने साका पाडा आणि धुवणाचं पाणी टॉर्चखाली उजळेनासं होईपर्यंत धूत राहा. न जोडलेला रंग आत राहिला तर तो पुढे नमुन्यात सुटतो, आणि तुमच्या आकड्यांच्या भटकण्याचं दुसरं कारण बहुधा तेच. रंग 10 मिलिग्रॅमपेक्षा फार वाढवू नका. दाटीने बसलेले रंगाचे रेणू एकमेकांनाच विझवतात. मग हा कायटोसान 2 टक्के अ‍ॅसेटिक आम्लात 2 टक्के करून सुईतून 1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये थेंबथेंब सोडा. मणी लगेच बांधतात. ते पीएच 7 होईपर्यंत धुवा. आम्लाच्या पाण्यात हे मणी विरघळतील, म्हणून आम्लाने टिकवलेला नमुना आधी बफरने 7 ला आणायचा.

टरफलांतला चुना पुरता गेला का तेही बघा. 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात बुडबुडे थांबले की आम्ल बदलून पुन्हा एकदा टाका. पुन्हा बुडबुडे आले तर काम अर्धवट होतं.

प्रश्न (मालवण) : थायमिनच्या डीएनएबरोबर पॉलिथायोफीन वापरून पारा ओळखतात असं लेखात होतं. खाडीच्या पाण्यात चालेल?

जसंच्या तसं नाही. दोन थायमिनांच्या मध्ये पाऱ्याचा आयन अडकतो, डीएनएची घडी बदलते आणि तिला लपेटलेल्या पॉलिमरचा उजेड बदलतो, ही त्यामागची युक्ती. पण समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड असतं, आणि क्लोराइड पाऱ्याला स्वतःच घट्ट धरून ठेवतं. थायमिनला मोकळा पारा मिळतच नाही. शिवाय डीएनए आणि पॉलिमर विरुद्ध भारांमुळे एकत्र असतात, ती ओढ मिठात सैल होते. पाऱ्याची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा 0.001 मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे फक्त 5 नॅनोमोलर. पाणी शंभरपट पातळ करून मीठ टाळावं तर पाराही शंभरपट पातळ होतो.

करून बघायचंच असेल तर ब्लँक त्याच खारटपणाचा हवा. लिटरला मीठ 24 ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट 11, सोडियम सल्फेट 4, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट 1.5 आणि पोटॅशियम क्लोराइड 0.7 ग्रॅम. हे झालं समुद्राचं पाणी. नमुन्याच्या खारटपणानुसार ते पातळ करा, आणि नमुना भरतीचा की ओहोटीचा ते बाटलीवर लिहा. क्षार शुद्धातले शुद्ध घ्या, नाहीतर धातू ब्लँकमधूनच येईल.

क्लोराइडची ताकद घरी बघता येते. टॉनिक वॉटरमधला क्विनिन 365 नॅनोमीटरच्या टॉर्चखाली निळाशार उजळतो. वायू जाऊ द्या, मग एका पेल्यात चमचाभर मीठ ढवळा. निळा उजेड डोळ्यांदेखत बसतो. एकही जड धातू न घालता.

प्रश्न (देवगड) : कालवांतला धातू टॉर्चखाली दिसेल का?

नाही. कालवाचं मांस स्वतःच उजळतं, आणि धातू प्रथिनांत बांधलेला असतो. नायट्रिक आम्लात पचवून प्रयोगशाळेतच मोजावं लागतं. कालवं जस्त आणि तांबं मुळातच साठवतात, म्हणून आकडा मोठा आला तरी तो त्याच जागच्या आधीच्या आकड्यांशी लावून बघा.

प्रश्न (अलिबाग) : एकदा विझलेली पट्टी पुन्हा वापरता येते?

तांब्याने विझली असेल तर येते. पीएच 7 च्या 10 मिलिमोलर इडीटीएत पंधरा मिनिटं, मग तीनदा डिस्टिल्ड पाण्यात, मग बफरमध्ये. इडीटीएचा लवलेश उरला तर पुढच्या नमुन्यातलं तांबं तो खाईल आणि पाणी स्वच्छ वाटेल, म्हणून शेवटच्या धुण्यानंतर ज्ञात प्रमाणाचा एक थेंब टाकून पट्टी तेवढीच विझते ना ते पाहा. प्रत्येक फेरीनंतर कोऱ्या पट्टीच्या उजेडाशी ताडा. 90 टक्क्यांच्या खाली गेली की टाकून द्या. ती धातूने नव्हे, टॉर्चच्या प्रकाशाने झिजलेली असते, आणि ती झीज इडीटीएने भरून येत नाही. हळदीच्या पट्ट्या मात्र धुवत बसू नका, नव्या करा.